दमट उष्म्यातील सुट्टी : प्रवासाच्या बॅगेत कोणते कपडे असावेत?

उन्हाळ्याच्या सुट्टीत केरळ, गोवा, ओडिशातील पुरी किंवा अंदमानची बेटे पाहण्यासाठी देशाच्या अंतर्भागातून असंख्य कुटुंबे निघतात. नागपूर, इंदूर किंवा दिल्लीत मे महिन्यात पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे असतो, तर त्याच वेळी तिरुअनंतपुरम किंवा कोचीचे कमाल तापमान ३२ ते ३३ अंशांच्या आसपास असते. साहजिकच, घरचा उन्हाळा सोसणाऱ्यास किनाऱ्यावरील उन्हाळा सुसह्य वाटेल असे गृहीत धरले जाते आणि नेहमीचेच कपडे बॅगेत भरले जातात. मात्र किनाऱ्यावर पोहोचल्यावर तासाभरात सदरा अंगाला चिकटतो, धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशीही ओले राहतात आणि तिसऱ्या दिवशी मुलांच्या मानेवर घामोळे उठते. हा त्रास केवळ गैरसोयीपुरता मर्यादित नसतो. वृद्ध, लहान मुले आणि हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तींसाठी तो धोकादायकही ठरू शकतो.

किनाऱ्यावरील उष्मा वेगळा का?

भारतीय हवामान विभागाचे निकष या संदर्भात बोलके आहेत. मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल तापमान किमान ४० अंशांवर पोहोचल्यावर केला जातो. किनारी भागासाठी मात्र ही मर्यादा ३७ अंश आहे. समुद्राकाठी हवेत बाष्पाचे प्रमाण अधिक असल्याने कमी तापमानातही शरीरावर मोठा ताण येतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने दहाहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात ज्या आकड्याची फारशी दखलही घेतली जात नाही, तो किनारपट्टीवर घातक ठरू शकतो.

यामागील कारण माठाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. माठातून झिरपणारे पाणी बाहेरील कोरड्या हवेत उडून जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते आणि वाळ्याचा कूलरही घर थंड करतो. मुंबई किंवा रत्नागिरीत हीच साधने निष्प्रभ ठरतात, कारण हवेत आधीच भरपूर बाष्प असते. मानवी शरीर घामाद्वारे हेच कार्य करते. एक लिटर घाम पूर्णपणे उडून गेल्यास शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तोच घाम न उडता नुसता निथळून गेला, तर शरीरातील पाणी व क्षार मात्र कमी होतात आणि थंडावा मिळत नाही.

तापमापकाला ओले फडके गुंडाळून घेतलेल्या तापमानास ‘वेट बल्ब’ तापमान असे म्हणतात. ते ३५ अंशांवर गेल्यास निरोगी मनुष्यही फार काळ तग धरू शकत नाही, असे पूर्वी मानले जात असे. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दमट हवेत निरोगी तरुणांच्या बाबतीतही ही मर्यादा सुमारे ३१ अंशांवरच येत असल्याचे आढळले. म्हणूनच दमट प्रदेशात घाम उडून जाण्यास मदत करणे, निदान त्यास अडथळा न करणे, हे कपड्याचे पहिले काम ठरते.

कोणते कापड योग्य?

प्रत्येक धाग्याची ओलावा शोषण्याची क्षमता निराळी असते. सर्वसाधारण हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, तर अंबाडीच्या कुळातील नव्हे, तर जवसाच्या खोडापासून मिळणारा लिननचा धागा सुमारे १२ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरचे हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. यामुळे साध्या पॉलिएस्टरच्या सदऱ्यात घाम त्वचेवरच साचतो आणि सुती कापडात तो कपड्याच्या पृष्ठभागावर पसरून उडू लागतो.

परंतु सुती असणे एवढेच पुरेसे नाही. जाड डेनिमही सुतीच असते. पण ते घामाने जड होते, वाळण्यास फार वेळ लावते आणि मांड्यांना घासते. दमट प्रदेशासाठी मलमल, व्हॉइल, पातळ खादी किंवा हातमागाचे विरळ विणीचे कापड अधिक सोयीचे असते. पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या असणारे सीरसकर हे सुती कापडही उपयुक्त आहे. त्याचा संपूर्ण भाग त्वचेला टेकत नसल्याने मधून हवा खेळती राहते. व्हिस्कोस किंवा रेयॉन ओलावा चांगला शोषते, मात्र भिजल्यावर अंगाला चिकटते आणि ओले असताना त्याची मजबुतीही कमी होते. रेशमावर घामाचे डाग पडतात; त्यामुळे रेशमी साडी लग्नकार्य असल्यासच सोबत न्यावी.

खेळाडूंसाठी बनविलेल्या विशेष पॉलिएस्टर कपड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते घाम शोषत नाहीत, पण धाग्यांमधील पोकळ्यांतून तो बाहेरच्या बाजूस पसरवतात. डोंगर चढताना, सायकल चालविताना किंवा बोटीवर वारा लागत असताना ते उपयोगी पडतात आणि लवकर वाळतात. वारा नसलेल्या गर्दीच्या जागी मात्र त्यांचा लाभ मर्यादित राहतो. शिवाय घामाचा वास अशा कपड्यांत सुती कपड्यांपेक्षा अधिक टिकून राहतो.

खरेदी करताना ‘कॉटन’ या शब्दावर विसंबून न राहता पट्टीवरील टक्केवारी वाचणे श्रेयस्कर. शंका असल्यास शिवणीतून निघालेला एखादा धागा सुरक्षित जागी जाळून पाहता येतो. सुती धागा कागदाप्रमाणे जळून त्याची मऊ राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी बनते. कापड ओठांशी धरून फुंकर मारल्यास पलीकडे हवा जाते की नाही, हेही सहज कळते. अस्तराकडे अनेकदा दुर्लक्ष होते. वरून सुती असलेल्या कुडत्यास पॉलिएस्टरचे अस्तर असेल, किंवा सुती साडीखाली सॅटिनचा परकर असेल, तर त्वचेला स्पर्श कृत्रिम धाग्याचाच होतो.

सैलपणा आणि रंग

शरीर आणि कपडा यांच्यामध्ये हवेचा थर हलता राहिला, तरच घाम उडतो. त्यामुळे घट्ट लेगिंग्ज व अंगाला चिकटणारे टी-शर्ट यांच्याऐवजी सैल कुडता, सलवार, धोतर, लुंगी किंवा ढगळ विजार उपयुक्त ठरते. केरळातील मुंडू, तमिळनाडूतील वेष्टी आणि कोकणातील पंचा ही वस्त्रे त्या त्या हवामानातच रुळलेली आहेत. पांघरणे, पुसणे, नेसणे आणि रात्रीत वाळणे या सर्व कामी येणारा पंचा आजही प्रवासाच्या बॅगेत जागा देण्यासारखा आहे.

फिकट रंग ऊन परावर्तित करतात, हे खरे असले तरी सैलपणाचे महत्त्व त्याहून अधिक असू शकते. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का वापरतात, याविषयीचे संशोधन १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. सैल काळ्या आणि सैल पांढऱ्या झग्यांतून त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच असल्याचे त्यात आढळले. किनारी प्रदेशात फिकट रंग निवडण्यास आणखी एक कारण आहे. गडद रंगांकडे डास अधिक आकर्षित होतात. डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा हा उघड्या दंडांपेक्षा बहुधा सुरक्षित असतो. तो उन्हापासूनही संरक्षण देतो.

वाळण्याचा हिशेब

घरी धुतलेला सदरा दुपारपर्यंत वाळतो, या अनुभवावर कपड्यांची संख्या ठरविणे ही नेहमी होणारी चूक आहे. दमट हवेत, विशेषतः हॉटेलच्या बंद खोलीत, जाड कपडा चोवीस तासांतही पूर्ण वाळत नाही. त्यातच दिवसातून दोन वेळा कपडे बदलावे लागतात. म्हणून जाड कपडे कमी आणि पातळ कपडे अधिक, असे प्रमाण ठेवावे.

धुतलेले कपडे कोरड्या पंच्यात गुंडाळून पिळल्यास बरेचसे पाणी निघून जाते. त्यानंतर ते पंख्याखाली, एकमेकांना न चिकटविता दोरीवर टाकावेत. वातानुकूलन यंत्र हवेतील बाष्प काढून घेत असल्याने अशा खोलीत कपडे लवकर वाळतात. अर्धवट ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्यास त्यांवर बुरशी येऊ शकते. नायलॉनची दोरी, काही चिमटे आणि मळक्या कपड्यांसाठी कापडी पिशवी या वस्तूंचे वजन नगण्य, पण उपयोग मोठा असतो.

ओल्या कपड्यांचा संबंध थेट आरोग्याशी आहे. घामाच्या ग्रंथींची तोंडे बंद झाल्याने घामोळे येते, तर जांघ, काख आणि कंबरपट्टा अशा सतत ओल्या राहणाऱ्या भागांत गजकर्ण बळावते. भारतात गेल्या काही वर्षांत औषधांना सहजी दाद न देणाऱ्या गजकर्णाचे प्रमाण वाढल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने खाज तात्पुरती थांबते, पण आजार पसरतो. अंतर्वस्त्रे सुती असणे, ती रोज बदलणे आणि कुटुंबात एकच टॉवेल न वापरणे, हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत.

समुद्र, मंदिर आणि वातानुकूलित डबा

साडी, जीन्स किंवा ओढणीसह सलवार-कमीज घालून समुद्रात उतरणे धोक्याचे आहे. भिजलेले कापड जड होते, पायांत अडकते आणि लाटेतून उठणे कठीण करते. पाण्यात उतरायचे असल्यास पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा पोहण्याचा पोशाख घ्यावा. येथे नायलॉनसारखा कृत्रिम धागाच योग्य ठरतो, कारण तो पाणी धरून ठेवत नाही.

दर्शनाचा बेत असल्यास मंदिराचे नियम आधीच पाहून घ्यावेत. तिरुअनंतपुरम येथील श्री पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांसाठी मुंडू किंवा धोतर आणि महिलांसाठी साडीसारख्या पारंपरिक पोशाखाची प्रथा आहे. पुरीच्या श्री जगन्नाथ मंदिरात १ जानेवारी २०२४ पासून पोशाखविषयक नियम लागू झाले असून हाफ पँट, फाटक्या जीन्स आणि बिनबाह्यांचे कपडे घालून प्रवेश दिला जात नाही. एक धोतर आणि एक पातळ सुती साडी किंवा सलवार-कमीज सोबत असल्यास ऐनवेळी धावपळ होत नाही.

घामाने भिजलेल्या अवस्थेत रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात किंवा विमानात बसल्यास थंडी वाजते. यासाठी एक पातळ शाल आणि हाताशी ठेवलेला एक कोरडा सदरा पुरेसा असतो. जाड स्वेटरची आवश्यकता नसते.

पाच दिवसांसाठी किती कपडे?

पाच दिवसांच्या सहलीसाठी एका प्रौढ व्यक्तीस सर्वसाधारणपणे सात पातळ सदरे किंवा कुडते, तीन सैल विजारी किंवा सलवारी, आठ अंतर्वस्त्रे, दोन रात्रीचे सुती पोशाख, एक मंदिरासाठीचा पोशाख, पोहण्याचा एक पोशाख, दोन पंचे आणि एक शाल पुरते. पादत्राणांचे दोन जोड असावेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. पुढे झडप असलेल्या टोपीने मान व कान झाकले जात नाहीत. त्यामुळे रुंद कडेची टोपी किंवा छत्री घ्यावी. केरळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनला दाखल होतो, पण त्याआधीही वादळी सरी येतात. छत्री दोन्ही वेळी उपयोगी पडते. देशांतर्गत विमानप्रवासात बहुतेक कंपन्या इकॉनॉमी वर्गासाठी १५ किलो सामानाची मुभा देतात. जीन्सचे दोन जोड वगळले, तरी चार-पाच पातळ सदऱ्यांची जागा मोकळी होते.

कपड्यांनी न भागणारी गोष्ट

योग्य कपडे धोका कमी करतात, नाहीसा करत नाहीत. दुपारी बारा ते तीन या वेळेत उन्हात फिरणे टाळावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि ओआरएसची पाकिटे सोबत ठेवावीत. वाढत्या वयात घाम येण्याची क्षमता कमी होते आणि तहानेची जाणीवही मंदावते. त्यामुळे आजी-आजोबांना ‘पाणी हवे का’ असे विचारण्यापेक्षा ते समोर आणून देणे अधिक योग्य.

असंबद्ध बोलणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे आणि अंग अतिशय तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. दमट हवेत अशा रुग्णाची त्वचा घामाने ओलीही असू शकते; त्यामुळे घाम येत आहे म्हणून धोका नाही, असे मानू नये. रुग्णास तातडीने सावलीत नेऊन अंगावरील जादा कपडे काढावेत, इतर सैल करावेत, अंगावर पाणी ओतत जोराने वारा घालावा आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी. शुद्ध नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. मदत येईपर्यंत अंग थंड करण्याचे काम थांबवू नये, कारण अशा प्रसंगी पहिली काही मिनिटेच सर्वांत मोलाची असतात.