राजीचा जीरा होऊ नये म्हणून

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. कसरती करून पोट भरणारी राजी नावाची मुलगी दैत्यांनी पळवून नेलेल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू आपल्याला सांगत जातात. ऑगस्टमध्ये हा खेळ निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर आला व ऑक्टोबरमध्ये संगणकावर आणि इतर यंत्रांवर आला. पुण्यात तयार झालेल्या या खेळातील दुर्गा मात्र इंग्रजीत बोलत होती! २०२२ सालच्या सुधारित आवृत्तीत ती हिंदीत बोलू लागली.

आता सांगा, ‘राजी’ हा खेळ एक की अनेक? पन्नास वर्षांनी कोणी तो जपून ठेवायचा म्हटले, तर त्याने नेमके काय जपायचे?

आमच्या धर्माबादच्या बाजारात मिरचीचा भाव मराठी, तेलुगू आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत सांगितला जातो. बोलणारा एका क्षणात भाषा बदलतो. खेळाला ते इतके सोपे नाही. संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, असतात फक्त संख्या. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. त्यात ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण स्मृतीत ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर असते. पडद्यावर अक्षरे काढणाऱ्या आज्ञावलीला ही अदलाबदल माहीत नसली, की वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. जोडाक्षरांची गंमत तर विचारूच नका.

जागेचाही हिशेब पाहा. रोमन लिपीतील ‘राजी’ची चार अक्षरे ४ बाइटांत मावतात. देवनागरीत र, काना, ज आणि दीर्घ वेलांटी या चार चिन्हांना, नेहमीच्या साठवण पद्धतीत, प्रत्येकी ३ म्हणजे एकूण १२ बाइट लागतात. तरीही मजकूर स्वस्तच म्हणायचा. खरा खर्च आवाजाचा. समजा, आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजली आणि दर मोजणीला २ बाइट दिले, तर एका मिनिटाच्या बोलण्याला ५७,६०,००० बाइट होतात. हे आकडे दाबून लहान करता येतात, पण प्रत्येक भाषेसाठी सारे संवाद पुन्हा साठवावे लागतातच.

कधीकधी आवृत्ती भाषेमुळे नव्हे, तर विजेमुळे बदले. आपल्याकडे व युरोपात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तर अमेरिकेत ६०. विजेचा आणि चित्राचा ताल जुळला नाही तर पडद्यावर सरकते पट्टे दिसत. म्हणून जुने दूरचित्रवाणी संच युरोपात सेकंदाला ५० वेळा आणि अमेरिकेत सुमारे ६० वेळा पडदा रेखाटत. त्या काळचे पुष्कळ खेळ वेळ मोजत ती या रेखाटनांवरूनच. ६०चा हिशेब न बदलता असा खेळ युरोपात गेला, की अमेरिकेत एक मिनिट चालणारे त्याचे संगीत ७२ सेकंद रेंगाळे आणि नायक पेंगुळल्यासारखा धावे. ‘द लिजेंड ऑफ झेल्डा’ हा प्रसिद्ध साहसी खेळ जपानमध्ये १९८६ साली चुंबकीय तबकडीवर आला, तर अमेरिकेत १९८७ साली कार्ट्रिजमध्ये. खेळाडूची प्रगती लक्षात ठेवण्यासाठी त्या कार्ट्रिजमध्ये एक लहानशी बॅटरी होती. बॅटरी संपली, की खेळ शाबूत राही, पण खेळाडूने इतके दिवस मिळवलेले सारे जाई.

जपणुकीचा खरा प्रश्न येथून सुरू होतो. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाची सीडी मध्यंतरी लावून पाहिली, ती उघडेचना. छापील प्रत तेवढी कपाटात होती, तीही कसर लागलेली. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो काळाने बिघडतो. आजच्या पेन ड्राइव्हमध्ये माहिती म्हणजे निरोधकाने वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यात अडकवलेले इलेक्ट्रॉन. ते वर्षानुवर्षे हळूहळू निसटतात, आणि उष्णता वाढली की लवकर निसटतात. आमच्याकडचा मे महिना त्यांना मुळीच मानवत नाही!

म्हणून प्रती अनेक कराव्या लागतात. पण प्रत बिनचूक आहे हे ओळखायचे कसे? वर्गात हा प्रयोग करून पाहा. ‘राजी’तील चिन्हांचे क्रमांक अनुक्रमे २३५२, २३६६, २३३२ आणि २३६८. बेरीज ९४१८, तिला ९७ने भागले की बाकी ९. ही बाकी प्रतीसोबत लिहून ठेवायची. एखादे चिन्ह बिघडले की बाकी बहुधा बदलेल. परंतु चिन्हांचा क्रम बदलून ‘राजी’चा हिंदीतला ‘जीरा’ झाला तर? चिन्हे तीच, बेरीज तीच, आणि चूक निसटली! यावर उपाय असा : पहिल्या क्रमांकाला १ने, दुसऱ्याला २ने, असे स्थानानुसार गुणून मग बेरीज करा. ‘राजी’ची होते २३,५५२ व बाकी ७८, ‘जीरा’ची २३,५८८ व बाकी १७. चोर सापडला. प्रत्यक्षात याहून पुष्कळ कठीण गणित वापरतात. त्यातील एका प्रसिद्ध पद्धतीत कितीही मोठ्या खेळाची खूण नेमकी २५६ बिटांची येते, आणि खेळातील एक बिट बदलले तरी खूण ओळखू येत नाही इतकी बदलते.

खूण जुळली तरी खेळ चालेलच असे नाही, कारण तो चालवणारे यंत्रही हवे. जुन्या यंत्राच्या वागण्याची हुबेहूब नक्कल नव्या संगणकावर करणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. त्यात ५० आणि ६०चा तालही सांभाळावा लागतो. ‘राजी’ची अडचण आणखी वेगळी आहे. पूर्वी खेळ एकदा कार्ट्रिजमध्ये गेला की बदलत नसे. इंटरनेटवरून उतरवलेला खेळ मात्र सुधारणा आली की जुन्यावर नवा लिहिला जातो. म्हणजे सुधारित आवृत्ती घेताना ऑक्टोबर २०२० मधील प्रत कोणी मुद्दाम बाजूला काढून ठेवली नसेल, तर त्या संगणकावरून ती तेव्हाच पुसली गेली.