प्रकाशाची स्मृती आणि मेंदूसदृश संगणन

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. तरीही विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो वापरतो. आपल्या वैद्यकीय दृष्टीला हा खर्च मोठा वाटतो. अभियंत्यांना मात्र नवल वाटते ते हे सारे कार्य अवघ्या २० वॅटच्या आसपास चालते याचे. नेहमीच्या संगणकात स्मृती एकीकडे व गणन दुसरीकडे असते आणि माहितीच्या येरझाऱ्यांतच पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. सिनॅप्समध्ये मात्र दोन्ही कार्ये एकाच ठिकाणी घडतात.

अशा गुणाच्या विद्युत घटकाची कल्पना लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये मांडली व त्यास ‘मेमरिस्टर’ हे नाव दिले. पूर्वी त्यातून किती विद्युतभार वाहून गेला, यावर त्याचा आजचा रोध ठरतो. आमच्या मोपाच्या सड्यावर पावसाचे पाणी ज्या वाटेने वारंवार वाहते ती वाट खोल होत जाते व पुढचे पाणी तिकडेच ओढ घेते, तसेच काहीसे हे आहे. २००८ मध्ये स्टॅनली विल्यम्स यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरातून असा घटक घडविला.

२०२२ मध्ये व्हिएन्ना व मिलान येथील संशोधकांनी हेच तत्त्व एकेका फोटॉनवर आणले. अडचण मूलभूत होती. स्मृतीसाठी मोजमाप हवे आणि मोजमापाने क्वांटम अवस्था मोडते. म्हणून त्यांनी काचेच्या चिपमध्ये फोटॉनला दोन वाटा दिल्या. एका वाटेवरील फोटॉन मोजले जातात व त्या नोंदीनुसार दोन वाटांमधील वाटणीचे प्रमाण पुढे बदलत राहते. दुसऱ्या वाटेने बाहेर पडणाऱ्या प्रकाशात क्वांटम गुण बऱ्याच अंशी टिकून राहतात. हस्तलिखित अंक ओळखण्याची त्याची क्षमता मात्र संगणकीय प्रतिरूपातच अजमावली गेली.

भारत सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यातील क्वांटम संवेदनाचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.कडे आहे.

मला यात एक वैद्यकीय प्रश्न दिसतो. अनुभवाने बदलणारे यंत्र उद्या रोगनिदानासाठी आले, तर काल प्रमाणित केलेले यंत्र आज तेच राहिलेले नसेल. रक्तदाबमापक आपण ठराविक काळाने तपासून घेतो. अशा यंत्राची फेरतपासणी कोणी, किती दिवसांनी व कोणत्या रुग्णांच्या नोंदींवर करायची? ‘मेंदूसदृश’ या विशेषणाला भुलून जाण्याआधी आपण विक्रेत्यास हे विचारले पाहिजे. निदान चुकले, तर रुग्णाचे नातेवाईक उत्तर मागायला आपल्याकडेच येणार आहेत.