भिंतीला रेनकोट घालण्याआधी

दिवाळी सरली की लोणावळा-खंडाळ्यात गवंडी-रंगाऱ्यांना उसंत नसते. बंगल्यांचे पोपडे निघालेले, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेलेल्या. मग दुकानदार रबरासारखा ताणणारा, 'गॅरंटी'वाला रंग पुढे करतो. पुढच्या श्रावणात त्याच रंगाला फुगे येतात आणि टाचणी टोचली की आतून पाणी ओघळतं. पाणी आत शिरलं कुठून, हे सगळे विचारतात. ते बाहेर का पडलं नाही, हे विचारायचं राहून जातं.

पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस. इथे घाटमाथ्यावर चार हजारांच्या पुढे, आणि तोही झडीचा, आडवा. सिमेंटचा गिलावा वाळताना आकसतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. डोळ्यांना मोठी भेग खुपते, पण पाणी ओढण्यात बारीकच वस्ताद. हिशेबाने ०.१ मिलिमीटरची फट पाणी जवळपास १५ सेंटिमीटर वर चढवू शकते! ऊन पडलं की या पाण्याला वाफ होऊन निघायचं असतं. रंगाचा पापुद्रा वाट अडवतो, मागे क्षार साचतात, लोणा लागतो आणि गिलावा सुटतो. ओल्या कपड्यांवर रेनकोट चढवण्यातलाच प्रकार.

अमेरिकेत हे महागात पडलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये १९९०च्या दशकात थर्माकोलवर कृत्रिम गिलावा चढवलेली घरं आतून कुजलेली निघाली. खिडक्यांच्या कडांतून शिरलेलं पाणी आतच अडकलं आणि लाकडी सांगाडा सडला. आपल्याकडे 'व्हिला'वर थर्माकोलच्या नक्षीपट्ट्या चिकटवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

चुन्याचा गिलावा वाफ जाऊ देतो. शिवाय पाण्यात विरघळलेला चुना बारीक भेगेत पुन्हा स्फटिक होऊन बसतो; भिंत स्वतःच थोडी दुरुस्ती करते. या चुन्याचं रसायन उलगडणारा लुई विका मला फार आवडतो. दॉर्दोन्य नदीवरचा पूल बांधता बांधता त्याने चुनखडी आणि चिकणमाती मिसळून, भाजून पाण्यातही घट्ट होणारा चुना बनवला, १८१८ मध्ये सगळं छापून टाकलं आणि पेटंट घेतलंच नाही. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. पाठ्यपुस्तकात नाव त्याचं. विकाच्या वाट्याला आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांतली एक जागा आली.

दुरुस्तीची सुरुवात थापीच्या दांड्याने. भिंत ठोकत जायचं. भद्द वाजलं तेवढाच गिलावा काढायचा, भिंत पूर्ण वाळू द्यायची. मूळ गिलावा चुन्याचा असेल तर ठिगळही चुन्याचंच. आणि छज्ज्याखाली काठाशी बोटभर खाच असते, ती तपासायची. पृष्ठताणामुळे छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरपटणारं पाणी तिथे थबकतं आणि खाली टपकतं. बहुतेक रंगारी ती खाच पुट्टीने बुजवतात, साफ दिसतं म्हणून.