गाठीतलं पाणी काय सांगतं?

आईच्या स्तनात हाताला गाठ लागली की अख्खं घर गप्प होतं. अशा वेळी डॉक्टर 'डिफ्युजन एमआरआय' म्हणाले, तर लोकलचा डबा आठवा. दुपारी तुम्ही आरामात फिरता. गर्दीच्या वेळी हलताही येत नाही. कर्करोगाच्या गाठीत बहुतेकदा पेशी अशाच खचाखच असतात, त्यामुळे पाण्याचे रेणू अडखळतात. एमआरआय नेमकं तेच टिपतो, तेही कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनशिवाय. पण म्युसिनस कर्करोगात पाणी मोकळं फिरतं आणि स्कॅन फसू शकतो. शिवाय गाठीवर हार्मोनची औषधं चालतील का, हे पॅथॉलॉजिस्टच तुकडा तपासून सांगतो. म्हणून डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली असताना "स्कॅन चांगला आलाय, राहू दे" असं आई म्हणाली, तर ऐकू नका. सोबत जा.