रेसिपीचा थंबनेल पाहून भुलताय? आधी हे वाचा

मोबाईलवर रश्श्याची लालभडक तर्री दिसली की बोट आपोआप तिथं जातं. व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या या फोटोला 'थंबनेल' म्हणतात. तो व्हिडिओतलाच असतो असं नाही. वेगळा काढून, रंग वाढवूनही लावता येतो. वर मोठ्या अक्षरात 'वडे फक्त ५ मिनिटांत'! उघडल्यावर कळतं, डाळ रात्रीच भिजत घालायची होती.

यूट्यूब मात्र २०१२ पासून नुसत्या क्लिकपेक्षा व्हिडिओ किती वेळ पाहिला, याला जास्त महत्त्व देतं. फसलेले लोक लगेच बाहेर पडले, तर तोटा चॅनेलचाच. त्यामुळे चॅनेल चालवणाऱ्या ताईंनी आपल्याच कढईतला फोटो लावावा. पाहणाऱ्यांनीही तेल-मसाला खर्च करण्याआधी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहावा, कमेंट वाचाव्यात.