चौघांची वाट

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या कुशीतून, लेक लुईस ते जॅस्पर हा २३० किलोमीटरचा रस्ता जातो. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार मजुरांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला आणि १९४० मध्ये खुला झाला. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मी आणि माझे पती त्या रस्त्याने निघालो. कॅलगरीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने, आमच्या आपाने, निघताना दोनदा बजावलं, ‘टाकी भरून घ्या. वाटेत पंप एकच आहे आणि मोबाईलला रेंज मिळणार नाही.’

पहिला मुक्काम लेक लुईसजवळ होता. तिथून मोरेन लेकला खासगी गाडी नेता येत नाही, बसनेच जावं लागतं. दहा शिखरांच्या पायथ्याचं हे निळं तळं एके काळी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर होतं. तळ्यावरून लार्च व्हॅलीची पायवाट वर चढते. लार्च हे सूचिपर्णी झाड, पण त्याची पानं शरद ऋतूत सोन्यासारखी पिवळी होऊन गळून पडतात. ते सोनं पाहायलाच आम्ही आलो होतो.

वाटेच्या तोंडाशी फलक होता. ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने किमान चार जणांच्या गटानेच पुढे जावं, गटाने एकमेकांजवळून चालावं. नियम मोडल्यास दंड. आम्ही तर दोघंच! बाजूच्या बाकावर क्विबेकहून आलेलं साठीचं एक जोडपं बसलं होतं. तेही आणखी दोघांची वाट पाहत होते. हसून ओळख झाली आणि चौघांची तुकडी तयार झाली.

चालताना मोठ्याने बोलायचं, असा तिथला रिवाज. अस्वल अचानक समोर आलं तर बिथरतं. आधी चाहूल लागली तर बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतं. म्हणून तोडक्यामोडक्या इंग्रजीत नातवंडांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्या गप्पा झाल्या. दुपारी जोहरची वेळ झाली. प्रवासात नमाज आखूड करण्याची सवलत आहे, त्यामुळे फार वेळ लागणार नव्हता. आपल्याकडे आपण पश्चिमेला तोंड करतो. तिथे मात्र मक्केची सर्वांत जवळची दिशा उत्तर-ईशान्येला येते, कारण गोल पृथ्वीवरची जवळची वाट ध्रुवाकडून जाते. आमची नमाज होईपर्यंत ते दोघे आमच्या पिशव्या सांभाळत, चहूकडे नजर ठेवून उभे राहिले.

पुढच्या वळणावर पुढे चालणाऱ्या त्या गृहस्थांनी हात वर केला. खालच्या उतारावर एक ग्रिझली पंजांनी माती उकरून मुळं खात होती. अंतर बरंच होतं, पण आमची वाट तिच्याच बाजूला वळत होती. अस्वलापासून किमान १०० मीटर दूर राहायचं, हा उद्यानाचा नियम. चौघेही न पळता, हळूहळू मागे फिरलो. लार्चचं सोनं दूरच राहिलं. इतक्या लांबून येऊन! माझे पती बराच वेळ गप्प होते. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, ‘आम्ही तिसऱ्यांदा आलो आहोत. याआधी दोनदा असेच परतलो.’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

त्या परतण्याचा अर्थ पुढे रस्त्यावर उलगडत गेला. उद्यानातल्या कचरापेट्यांच्या कड्या अशा, की माणसाची बोटं आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. माणसाच्या उष्ट्याची चटक लागलेलं अस्वल वस्तीकडे येतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. बान्फमधल्या महामार्गावर प्राण्यांसाठी सहा पूल आणि ३८ भुयारी वाटा आहेत. त्या आणि दुतर्फा कुंपण यांमुळे प्राण्यांचे अपघात ८० टक्क्यांहून अधिक घटले. आपल्या पेंचमध्येही नागपूर-सिवनी महामार्ग वाघांसाठी खांबांवर उचलला आहे, हे मी त्या दोघांना अभिमानाने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी अथाबास्का हिमनदी पाहिली. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर जुन्या सालांचे फलक आहेत. त्या त्या वर्षी बर्फ तिथवर होता. गेल्या सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे. पुढे जॅस्परला २०२४ च्या जुलैतल्या वणव्यात सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. काळी खोडं अजून उभी आहेत, त्यांच्या पायाशी हिरवं गवत उगवलं आहे.

जंगल शौर्याने टिकत नाही. ते टिकतं हात आवरल्याने: फूल न तोडल्याने, खाऊ न टाकल्याने, वाट सोडून दिल्याने. समोर असलेलं, हाताशी असलेलं, तरीही न घेणं म्हणजे काय, हे रोजा धरणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. उपवास करणाऱ्या शेजाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. फरक इतकाच, की आपला उपवास सूर्य मावळला की सुटतो. जंगलाशी पाळायचा संयम सुटत नाही, तो पुढच्या माणसाच्या हाती द्यायचा असतो.