बोलका स्पिट्झ, अबोल कारवानी

सोलापूरच्या घरांत ‘पॉमेरियन’ म्हणून पाळला जाणारा कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. जिन्यात पाऊल वाजलं की तो भुंकतो. डॅशहुंड आणि बीगलही तसेच बोलके. याउलट मुधोळकडचा कारवानी कुत्रा नजरेनं शिकार हेरणारा, त्यामानानं अबोल.

भुंकणाऱ्यावर ओरडू नका. त्याला ती साथच वाटते. रस्ता दिसणारी खिडकी झाका, उन्हाळ्यात पहाटेच फिरवून आणा, गप्प झाला की लगेच खाऊ द्या. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचं शोभेचं दारूकाम सुरू होण्याआधी त्याला आतल्या खोलीत न्या, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. भुंकणं अचानक वाढलं, तर काही दुखत असेल, पशुवैद्यांना दाखवा.